चुन्याचा रविवार

"हसू नका, बाई. इकडे बघूच नका. खाली बघा, जमिनीकडे."

हे माझ्या आईला सांगितलं गेलं. तिच्या स्वतःच्या घरापुढे, तिच्या स्वतःच्या अंगणात. सांगणारा शहरातला नावाजलेला वकील होता. गळ्यात कॅमेरा, पायात चकचकीत बूट. त्याला तिथे घेऊन आलेला मी होतो.

आई हसत होती कारण हसण्यासारखंच झालं होतं. तिच्या नाकाला चुना लागला होता आणि शेजारच्या शेवंतामावशीने तिला "पावडर लावून कुठं निघाली गं?" म्हणून चिडवलं होतं. आई पदर तोंडाला लावून हसली तोच खटका वाजला. वकिलाने कॅमेरा खाली घेतला, तोंड वाकडं केलं आणि ते वाक्य बोलला. आईचं हसू जागच्या जागी बंद झालं. तिने खाली बघितलं. मग त्याने भराभर फोटो काढले.

तेव्हा मी त्याला वकीलसाहेब म्हणायचो. आता नुसतं वकील म्हणतो. तेवढंसुद्धा जास्त आहे.

आम्ही बोर्डाच्या बिल्डिंगांत राहायचो. सरकारने गरिबांसाठी बांधलेल्या, आग्रा रोडच्या बाजूला. आमची खोली तळमजल्यावर. एक खोली, एक मोरी, एक ओटा, वर स्लॅब. तुम्हाला त्यात काय वाटणार? पण त्याआधी आम्ही गोदेच्या काठाला पत्र्याच्या झोपडीत होतो. पाणी चढलं की पेटी डोक्यावर घ्यायची आणि पळायचं. माझा बाप त्या झोपडीतच गेला. आईने विड्या वळून मला वाढवलं. कितीतरी वर्षं खेटे घालून तिला ही खोली मिळाली, तीही तिच्या स्वतःच्या नावावर. किल्ली हातात आली त्या दिवशी तिने कुलूप लावलं, उघडलं, परत लावलं. झोपडीला कधी कुलूपच नव्हतं. किल्ली तिने कमरेला खोचली ती कायमची.

आमच्याकडे जयंती म्हटलं की एकच जयंती, चौदा एप्रिलची. तिच्या आधीच्या रविवारी अख्ख्या बिल्डिंगीत चुना असायचा. आदल्या दिवशी पिंपात चुना भिजत घालायचा, तो रटरटायचा, गार झाला की त्यात नीळ कालवायची. सकाळी उठून घरातलं झाडून सगळं सामान अंगणात. हंडे, कळशी, गोधड्या, पेटी, स्टोव्ह, आईचं विड्यांचं सूप. सगळ्यात आधी बाहेर यायची ज्यांची जयंती त्यांची तसबीर. ती खुर्चीवर ठेवायची, आईच्या ठेवणीतल्या पांढऱ्या साडीत गुंडाळून. बायका त्या दिवशी घरातलं जुन्यातलं जुनं लुगडं नेसायच्या. चुना मारायला कोण नवीन नेसतं? डोक्याला फडकं, हातात कुंचा, गाणी, आरडाओरडा, एकमेकींची थट्टा. आमच्या बिल्डिंगीतला सगळ्यात आनंदाचा दिवस म्हणाल तर तो. स्वतःच्या भिंतीला स्वतःच्या हाताने चुना लावायचा दिवस. ज्यांना भिंतच नव्हती त्यांनाच त्याची किंमत कळते.

आणखी एक सांगतो, कारण सगळं पुढचं त्याच्यावर आहे. ओला चुना भिंतीवर दिसत नाही. उलट भिंत जास्तच घाण दिसते. जुने डाग वर येतात, ओल दिसते, कुंच्याचे फराटे दिसतात. ज्याने जन्मात हाताने चुना मारला नाही तो म्हणेल, भिंत कुजलीय. दुपारी ऊन लागलं, भिंत वाळली की अशी पांढरी निघते की तिच्याकडे बघवत नाही. वकील सकाळी आला होता. भिंत ओली होती.

मी मेनरोडवरच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. डार्करूममध्ये. दुष्काळाच्या पुढची वर्षं ती. मॅट्रिक झालो होतो, विशीही उलटली नव्हती, काम मिळालं यातच खूश होतो. लाल दिव्याखाली कागद औषधाच्या ट्रेमध्ये बुडवायचा आणि चेहरा वर येताना बघायचा. मला ते काम मनापासून आवडायचं.

आमच्या स्टुडिओचा खरा धंदा कशावर चालायचा माहितीये? मुलींना गोरं करण्यावर. लग्नाच्या मुलींचे फोटो यायचे, स्थळाला पाठवायचे. बाप काउंटरवर वाकून मालकाला हळूच सांगायचा, "जरा उजळ येऊ द्या." मग मी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायचो. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथे फोटोत उजेड पडतो. गाल उजळ, कपाळ उजळ, देवीचे व्रण गायब. मालक म्हणायचा, "तुझ्या हातात जादू आहे रे." मीही फुगायचो. अर्ध्या नाशकातल्या पोरी मी गोऱ्या करून सासरी पाठवल्या असतील.

वकील आमचं मोठं गिऱ्हाईक. गंगापूर रोडला बंगला, फोटोचा शौक. स्पर्धा, प्रदर्शनं, बक्षिसं. त्याच्या थोरल्या मुलीचा फोटो आमच्याकडेच काढला होता आणि उजळ मीच केला होता. तीन वेळा परत पाठवला त्याने. "अजून थोडा. अजून थोडा." मुलगी चांगली सावळी, नाकीडोळी छान होती. शेवटी ती कुणी भलतीच दिसायला लागली तेव्हा बापाचं समाधान झालं.

तर एक दिवस तो मला म्हणाला, "तू त्या बोर्डाच्या बिल्डिंगांत राहतोस ना? मला तिथे फोटो काढायचेत. या रविवारी येतो."

मला आनंद झाला. आमच्याकडे फोटो म्हणजे काय? आयुष्यात एकदा, लग्नात. एरवी स्टुडिओत जायचं, चांगलं नेसायचं, शेजारणीची पोत मागून घालायची, ताठ उभं राहायचं. आणि हा तर घरी येणार होता. मी म्हणालो, "साहेब, या रविवारी नको. चुना आहे आमच्याकडे. सगळं सामान बाहेर असतं. पुढच्या रविवारी या. घर मस्त दिसेल."

तो म्हणाला, "मग याच रविवारी येतो."

हे लक्षात ठेवा. मी त्याला सांगितलं होतं. त्याला सगळं माहीत होतं.

आईने त्याचं स्वागत केलं. ओल्या भिंतीला अंग लागू न देता त्याला आत नेलं, मोरी दाखवली, नळ दाखवला, नळ सोडून पाणी दाखवलं. "दारालाबी रंग देणार हाय, निळा," असं सांगितलं. अंगणात स्टोव्हवर चहा केला. तो त्याने घेतला नाही, कपाला नुसता हात लावून खाली ठेवला. मग तो सामानाभोवती फिरला, डोळे बारीक करून. तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाला, "ते तेवढं बाजूला घ्या." आईला वाटलं, बिचारा, शिंतोडे उडतील म्हणून म्हणतोय. तिने तसबीर उचलून शेवंतामावशीच्या ओट्यावर नेऊन ठेवली. परत येताना कौतुकाने मला म्हणाली, "जाणता माणूस हाय." मग त्याने तिला सामानाच्या मधोमध बसवलं. पाठीमागे ओली भिंत. आणि सांगितलं, हसू नका.

मला तेव्हाच खटकलं होतं. पण मी काय बोलणार? तो गिऱ्हाईक, मी पोऱ्या. 

आठवड्याभरात रोल धुवायला आला. धुतला मीच. आई हसतानाचा फोटो पहिला होता. कडेला ओट्यावरची तसबीर, शेवंतामावशीचा हात, नाकावर चुना. अगदी माझी आई. मी तो हौसेने कागदावर काढून ठेवला. वकील आला, त्याने तो हातात घेतला आणि बाजूला सारला. "हा नको. हा काहीच सांगत नाही." मग खाली बघणारा निवडला. डार्करूममध्ये माझ्यामागे येऊन उभा राहिला. मी पहिली प्रत काढली.

"भिंत अजून काळी पाहिजे."

मी उजेड वाढवला. कागदावर जास्त उजेड पडला की चित्र काळं होतं. दुसरी प्रत काढली.

"चेहरापण. अजून. सुरकुत्या दिसू देत. डोळ्यांत तेवढी चमक ठेव."

तिसरी. ट्रेमध्ये आईचा चेहरा वर आला आणि येता येताच बुडायला लागला. निळीच्या चुन्याची भिंत डांबरासारखी झाली. हंड्यांची चकाकी गेली. आईने ते हंडे आदल्या दिवशी चिंच लावून घासले होते. कमरेची किल्ली गेली. माझ्या हातांनी गेली. 

मी म्हणालो, "साहेब, ही माझी आई आहे."

"माहितीये की. म्हणून तर तुझ्याकडून करून घेतोय. यातलं दुःख तुला कळेल."

"दुःख कसलं? चुना होता त्या दिवशी. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"अरे, ते फोटोत कुठे दिसतं? फोटोत जे दिसतं तेच खरं. नाव पण ठरलंय. बेघर."

बेघर.

मी म्हणालो, "आमचं घर आहे. नंबर आहे त्याला. आईच्या नावावर आहे."

तो हसला. माझ्या आईला हसू नका म्हणणारा माणूस मजेत हसला आणि म्हणाला, "तू बाबा प्रिंट कर. कला मी बघतो."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती मला त्या दिवशी कळली. दिवसभर आम्ही ह्यांच्या पोरी गोऱ्या करायच्या. का? तर त्या आहेत तशा ह्यांना चालत नाहीत. आणि आमची आई आहे तशी ह्यांना चालत नाही, ती अजून काळी पाहिजे. पोरीच्या फोटोत खोटं घालायचं ते स्थळासाठी. आईच्या फोटोत खोटं घालायचं ते बक्षिसासाठी. आणि हात माझेच दोन्हीकडे. मी विचारलं, "मुलीला तर अजून उजळ, अजून उजळ म्हणत होता. तिच्या फोटोचं नाव काय ठेवलं होतं?"

त्याचा चेहरा लाल दिव्यात नीट दिसला नाही. तो एवढंच म्हणाला, "पायरीने राहा."

चौथा कागद ट्रेमध्ये होता. मी हात वर केला आणि पांढरा दिवा लावला. डार्करूममध्ये पांढरा दिवा लावणं म्हणजे काय ते सांगतो. ट्रेमधला कागद बघता बघता काळा होतो. पूर्ण काळा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आई गेली, भिंत गेली, हंडे गेले. मी तो ओला कागद चिमट्याने उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"घ्या. अजून काळं पाहिजे होतं ना."

औषधाचे थेंब त्याच्या बुटांवर पडत होते. मालक धावत आला. पुढचं सांगायला नको. मला तिथल्या तिथे हाकललं. मालक मागून म्हणाला, "गिऱ्हाईकाशी असं वागतात का? तुम्हा लोकांना वर घेऊन चूकच केली." तुम्हा लोकांना. दोन वर्षं माझ्या हातात जादू होती, त्या दिवशी मी 'तुम्ही लोक' झालो. मेनरोडवर कुणीच मला परत उभं केलं नाही. मी सातपूरला एका कारखान्यात पॅकिंगला लागलो. आईला एवढंच सांगितलं, पटलं नाही म्हणून सोडलं.

पण निगेटिव्ह त्याची होती. ती घेऊन तो निघून गेला. फोटो दुसरीकडे काढायला त्याला काय अडचण?

पावसाळा संपता संपता शेवंतामावशी धावत आली. तिच्या पोराने शहरातल्या एका हॉलमध्ये आईचा फोटो लागलेला बघितला होता. मोठा, काचेत, पहिलं बक्षीस मिळालेला. आई हरखून गेली. तिने ठेवणीतली पांढरी साडी काढली, जी आमच्या बायका विहारातल्या वंदनेला नेसतात. केसांना तेल लावलं. मी म्हणत होतो, नको जायला. "का बरं?" म्हणाली. मला सांगता येईना. तिघं गेलो.

हॉलात लोक हात पाठीशी बांधून हळूहळू चालत होते. आई फोटोपुढे उभी राहिली. बघत राहिली. मग मला म्हणाली, "ही कोण बाई?"

तिला ती ओळखू आली नाही. माझ्या आईला माझी आई ओळखू आली नाही.

मग पुढे झाली, काचेपाशी गेली आणि म्हणाली, "हा हंडा आपला हाय. हा बग पोचा." हंड्यावरच्या पोच्यावरून तिला कळलं की मधे बसलेली ती आहे. आई शाळेत गेली नव्हती. खालच्या चिठ्ठीकडे बोट दाखवून म्हणाली, "काय लिवलंय?"

मी वाचलं. "बेघर."

"म्हंजी?"

"घर नसलेली."

 तिचा हात कमरेला गेला, किल्लीवर. शेवंतामावशी मोठ्याने म्हणाली, "मेल्यासाठी च्या टाकला व्हता आपण." दोघीतिघी वळून बघायला लागल्या. वकील समोरच होता, लोकांच्या घोळक्यात. आई सरळ त्याच्याकडे गेली. मी मागे.

"साहेब, मागं घर व्हतं ना. तुमी आत येऊन गेले व्हते. नळ सोडून दाखवला व्हता मी."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, हा फोटो तुमचा नाही. हा एका अवस्थेचा फोटो आहे."

शेजारी एक चष्मेवाली बाई होती. ती फोटोकडे बघे, आईच्या पांढऱ्या साडीकडे बघे. ती मैत्रिणीला म्हणाली, "फोटोतली वाटतच नाहीत ना ह्या?" तक्रारीसारखं म्हणाली. आईने घरी फाटकं नेसून बसायला हवं होतं, हिचा फोटो खरा ठरावा म्हणून.

ह्यांच्या बंगल्यात दिवाळीला सोफे बाहेर काढतात. गाद्या गच्चीवर टाकतात. बाईसाहेब जुना गाउन घालून नोकरांवर ओरडत असतात. कुणी जाऊन फोटो काढला? कुणी खाली बेघर लिहिलं? मी हे तिथे बोललो. चांगलं मोठ्याने बोललो. दोघांनी मला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. आई आपल्या पायांनी बाहेर आली.

 परतीच्या वाटेवर आई रविवार कारंज्यापाशी थांबली आणि म्हणाली, "तो फोटो घरी आण."

"विकत?"

"विकत कशापायी? माझा हाय. घरी आण."

एवढंच. ती रडली नाही. रडली असती तर मी कदाचित तिची समजूत काढून मोकळा झालो असतो.

फोटो आणून उपयोग नाही हे मला ठाऊक होतं. कागद एक फाडला तर दहा निघतात. खरी वस्तू निगेटिव्ह. माझी आई त्या बोटभर फिल्ममध्ये खाली बघत बसली आहे आणि ती फिल्म त्याच्या कपाटात आहे. म्हणून पुढच्या वर्षी चुन्याच्या रविवारी, घराच्या भिंती आणि दार झाल्यावर, मी हात न धुता सायकल काढली आणि गंगापूर रोडला गेलो. बेल दाबली. बेलच्या काळ्या बटणावर माझं पांढरं बोट उठलं. वकील बाहेर आला. मी म्हणालो, "निगेटिव्ह द्या." साहेब म्हणालो नाही. त्याने दार लावलं.

त्याच्या पुढच्या वर्षी परत गेलो. त्याच्याही पुढच्या. त्याने पोलिसांची भीती घातली, मी म्हणालो, बोलवा, त्यांनाही सांगतो. पोलीस काही आले नाहीत. एका वर्षी त्याच्या बायकोने फाटकातूनच पाव-बिस्किटं पुढे केली, भिकारी समजून. मी हात मागे घेतला आणि म्हणालो, "मी मागायला आलोय, पण हे नाही." सातपूरच्या कारखान्यातले मित्र म्हणाले, सोड यार, किती दिवस उगाळणार. एकाने तर विचारलं, तुझ्या आईचा फोटो गाजला, वाईट काय झालं? त्याच्याशी मी बरेच दिवस बोललो नाही.

आता नव्वद साल काही फार लांब नाही. आमच्या बिल्डिंगीत घराघरांत टीव्ही आले, दोन तर रंगीत. पण फोटो काढणारे येतच असतात. कॉलेजची पोरं येतात, त्यांचे सर सांगतात, बघा, इथला लाइट किती सुंदर पडतो. मी बाहेर येतो. म्हणतो, आधी बसा, चहा घ्या, कुणाचा काढायचाय त्याला विचारा, खाली काय लिहिणार ते आत्ता सांगा. बहुतेक जण चहा न घेताच निघून जातात. जाऊ देत.

गेल्या वर्षी वकिलाने दार उघडं ठेवलं. म्हातारा झालाय, काठी धरतो. म्हणाला, "एवढी वर्षं येतोयस. बरं, एक मोठी प्रिंट देतो. चांगली फ्रेम करून. मग तर झालं?"

"प्रिंट नको. निगेटिव्ह."

"निगेटिव्ह काढणाऱ्याची असते. आणि देऊन तू करणार काय? फाडणार?"

"ते आई ठरवेल."

"हट्टीपणा आहे हा."

"आहे."

तो माझ्या हातांकडे बघत होता. चुना वाळून बोटांवर पांढरा झाला होता.  मी बेल परत एकदा दाबली, तो समोर उभा असताना, आणि आलो.

आई आता शिडीवर चढत नाही. खाली बसून पिंपात नीळ कालवते आणि मला ओरडते, कोपरे सोडू नको म्हणून. सामान अजूनही अंगणात येतं, तसबीर अजूनही पहिली. दुपारी भिंत वाळली की ती माझ्याकडे बघून विचारते, "जायचं हाय ना?" घरी आलो की पुढचं विचारत नाही. माझे हात रिकामे आहेत हे तिला दिसतं.

ह्या रविवारी चुना आहे. दुपारी मी जाणार. वकील असेल तर त्याला सांगीन, नसेल तर त्याच्या मुलाला सांगीन, की आमच्या घराला नंबर आहे, आत माणूस आहे, आणि ती हसते. निगेटिव्ह द्या. नाही दिली तर पुढच्या वर्षी चुन्याच्या रविवारी परत येईन. माझे हात थकले तर माझी पोरगी येईल, तिला मी पत्ता दाखवून ठेवलाय.